फूटीची गर्दी आणि टीव्हीचे आकडे वाचायचे कसे

माझा मेहुणा सिडनीला, पॅरामॅटात राहतो. तो रग्बी लीगवाला. मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, म्हणजे ओघानेच फूटीवाला (फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि एएफएल ही त्याची राष्ट्रीय लीग) आणि त्यातही बुलडॉग्ज क्लबवाला. सप्टेंबर उजाडला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं एखादं कात्रण येऊन पडतं: देशात सर्वात जास्त पाहिला जाणारा खेळ रग्बी लीग. त्यावर मी एमसीजीच्या, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या, तुडुंब गर्दीचा फोटो टाकतो. बायको आम्हा दोघांनाही म्यूट करते.

गंमत अशी, की दोघांचेही आकडे बहुतेक वेळा खरे असतात. फक्त ते एकाच गोष्टीचे नसतात. मी पेशाने हिशेबनीस आहे, त्यामुळे कुठलीही रक्कम दिसली की ती कुठल्या खात्यातून आली हे विचारायची खोड आहे. तीच खोड इथे कामाला येते. फूटीचा कुठलाही आकडा हाती आला की दोन प्रश्न विचारायचे. यात नेमकं काय मोजलंय? आणि हा आकडा फार फार तर किती होऊ शकला असता? बाकी सगळं या दोन प्रश्नांच्या पोटात येतं.

आधी मैदान

गर्दीचा आकडा त्यातल्या त्यात सरळ आहे. एएफएल जी प्रेक्षकसंख्या जाहीर करते ती फाटकातून आत गेलेल्या माणसांची. सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये ती मोठ्या पडद्यावर झळकते आणि लोक उगाचच टाळ्या वाजवतात. क्लबच्या ज्या सभासदाने वर्षभराची राखीव खुर्ची घेतली आहे पण पाऊस बघून जो घरीच बसला, तो या आकड्यात नाही. म्हणून 'तिकिटं संपली' अशी बातमी असते आणि प्रत्यक्षात मधल्या रांगा रिकाम्या दिसतात. दोन्ही खरं असतं. तिकीटविक्री आणि उपस्थिती हे दोन वेगळे रकाने आहेत, ते एकत्र करू नका.

तिसरा रकाना क्लबच्या सभासदसंख्येचा. २०१८ मध्ये रिचमंड हा एक लाख सभासद ओलांडणारा पहिला क्लब ठरला. पण त्या लाखात पूर्ण हंगामाचे सभासद आले, मोजक्या तीन सामन्यांचे आले आणि परराज्यात राहून वर्षातून एकदा येणारेही आले. सभासदसंख्येवरून गर्दीचा अंदाज बांधायला जाल तर फसाल.

आता छत. आकड्याचं छत, मैदानाचं नव्हे. १९७० च्या ग्रँड फायनलला, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, एमसीजीवर १,२१,६९६ माणसं होती. मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असलेल्या कार्लटनने तो सामना जिंकला, त्यामुळे त्या दिवशी तिथे असल्याचं सांगणारे म्हातारे अजून भेटतात, बहुधा सव्वा लाखांपेक्षा जास्तच. हा विक्रम आता मोडणं शक्य नाही. तेव्हा उभं राहून बघायची मोठी जागा होती आणि बाकांवर दाटीवाटीने माणसं बसत. आज एमसीजीची क्षमता १,००,०२४ आहे. २०२२ ची ग्रँड फायनल १,००,०२४ आणि २०२३ चीही १,००,०२४. हे दोन आकडे बघून कोणी म्हणालं की फायनलची लोकप्रियता वाढलीही नाही आणि घटलीही नाही, तर काय म्हणाल? भांडं काठोकाठ भरलंय एवढंच कळतं, बाहेर किती सांडलं ते कळत नाही.

म्हणून ग्रँड फायनलची गर्दी मी माझ्या तुलनेत घेतच नाही. शिवाय त्यातली सगळी तिकिटं खेळणाऱ्या दोन संघांच्या सभासदांना मिळत नाहीत. मोठा वाटा मेलबर्न क्रिकेट क्लबच्या आणि एएफएलच्या सभासदांना, प्रायोजकांना, पाहुण्यांना जातो. कुठलेही दोन संघ आणून उभे करा, मैदान भरणारच. याला एकच बोलका अपवाद आहे. २०१० मध्ये कॉलिंगवूड आणि सेंट किल्डाची फायनल बरोबरीत सुटली, तेव्हा १,००,०१६ लोक होते. नियमानुसार पुढच्या शनिवारी सामना पुन्हा झाला. तेच संघ, तेच मैदान, आणि गर्दी ९३,८५३. आयत्या वेळचं नियोजन, परगावाहून आलेल्यांचं परतीचं विमान, पाहुण्या मंडळींचा ओसरलेला उत्साह, असं सगळं त्या सहा हजारांच्या फरकात आहे. (पुनर्सामन्याचा नियम पुढे २०१६ मध्ये काढून टाकला. आता जादा वेळ देतात.)

साध्या साखळी सामन्यांसाठी गर्दीला क्षमतेने भागा. कॅनबेराच्या मनुका ओव्हलवर १४ हजार माणसं आली तर मैदान जवळपास भरलं. तेवढीच माणसं मेलबर्नच्या डॉकलँड्सला, म्हणजे मार्व्हल स्टेडियमवर आली, तर ५३ हजारांच्या जागेत ती विखुरलेली, केविलवाणी दिसतात. गिलाँगचं कार्डिनिया पार्क आता ४० हजारांचं आहे, अ‍ॅडलेड ओव्हल ५३ हजारांच्या आसपास, पर्थचं ऑप्टस स्टेडियम साठ हजारांचं. टक्केवारी काढली की लहान मैदानावर खेळणाऱ्या क्लबवरचा अन्याय थोडा कमी होतो. पण टक्केवारीचीही एक मेख आहे: मैदान नेहमीच शंभर टक्के भरत असेल तर ती टक्केवारी तुम्हाला काहीच सांगत नाही. पर्थच्या जुन्या सुबियाकोत साधारण ४३ हजार माणसं मावायची आणि वेस्ट कोस्टचे सामने तिथे खच्चून भरायचे. २०१८ ला क्लब ऑप्टसला गेला आणि गर्दी एकदम वाढली. पर्थकरांचं फूटीप्रेम एका उन्हाळ्यात वाढलं नव्हतं, खुर्च्या वाढल्या होत्या. अ‍ॅडलेडचं मात्र उलट. २०१४ मध्ये फूटी उपनगरातल्या फुटबॉल पार्कवरून शहराच्या मधोमध असलेल्या अ‍ॅडलेड ओव्हलवर आली आणि पोर्ट अ‍ॅडलेडची गर्दी जोरात वाढली, पण जुन्या मैदानावर त्यांच्या सामन्यांना खुर्च्या रिकाम्याच असायच्या. तिथे अडचण जागेची नव्हती, जाण्यायेण्याची होती. वरून दोन्ही आकडे सारखेच फुगलेले दिसतात. कारण शोधायचं तर आधीच्या वर्षी मैदान किती भरत होतं ते बघा.

आणखी एक गोष्ट मेलबर्नबाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अठरापैकी नऊ क्लब मेलबर्न शहरातले, गिलाँग धरला तर व्हिक्टोरियातले दहा. ते दोन मोठी मैदानं आपसांत वाटून घेतात. कॉलिंगवूड विरुद्ध कार्लटन असेल तर 'यजमान' हा शब्द कागदावरचा, कारण अर्धं मैदान पाहुण्यांचंच असतं. अ‍ॅडलेडमध्ये किंवा पर्थमध्ये स्थानिक डर्बी सोडली तर गर्दी जवळपास सगळी घरच्या संघाची. त्यामुळे कॉलिंगवूडची घरची सरासरी आणि वेस्ट कोस्टची घरची सरासरी शेजारी ठेवाल तेव्हा लक्षात असू द्या, की पहिलीत विरोधी संघाचे चाहतेही मोजलेत. क्लबची स्वतःची ओढ बघायची असेल तर मी एक साधी युक्ती वापरतो: तो क्लब मेलबर्नमध्ये परराज्यातल्या संघाशी खेळला त्या सामन्यांचीच गर्दी काढायची. रविवारी दुपारी फ्रीमँटलविरुद्ध किती आले? तो आकडा प्रामाणिक असतो.

ठरलेले मोठे सामने वेगळे ठेवा. २५ एप्रिलचा, अँझॅक डे या युद्धस्मृतिदिनाचा सामना १९९५ पासून कॉलिंगवूड आणि एसेंडनमध्येच होतो. पहिल्याच वर्षी ९४,८२५ लोक आले, २०२३ मध्ये ९५,१७९. हे दोन क्लब त्या वर्षी गुणतक्त्यात कुठे आहेत याचा त्या गर्दीवर फारसा परिणाम होत नाही. जूनमधला राजाच्या वाढदिवसाचा कॉलिंगवूड-मेलबर्न सामना त्याच जातीचा. साखळी सामन्यातला आजवरचा विक्रमही त्याच सुट्टीचा आहे, १९५८ चा, ९९ हजारांहून जास्तीचा. अशा दोन-तीन सामन्यांनी क्लबची वर्षाची सरासरी फुगते, म्हणून सरासरीबरोबर मधला आकडाही काढा. सगळे सामने चढत्या क्रमाने लावून मधोमध येतो तो.

हंगामाची बेरीज जाहीर होते तेव्हा सामने मोजा. २०२२ पर्यंत प्रत्येक क्लब २२ साखळी सामने खेळायचा, म्हणजे एकूण १९८. २०२३ ला 'गॅदर राउंड' (सगळे संघ अ‍ॅडलेड परिसरात जमून खेळतात ती फेरी) आला, प्रत्येकाचा एक सामना वाढला आणि एकूण २०७ झाले. नुसत्या या नऊ सामन्यांनी बेरजेत काही लाखांची भर पडते. त्यात काही सामने अ‍ॅडलेडजवळच्या लहान मैदानांवर होतात, तिथे दहा हजारही मावत नाहीत. म्हणजे तिकिटं सगळी संपलेली, गाव उत्साहात, आणि लीगची सरासरी मात्र खाली. २०२० तर यादीतून काढूनच टाका. करोनामुळे १९ मार्चला रिचमंड-कार्लटनचा पहिला सामना रिकाम्या एमसीजीवर झाला. खेळाडूंच्या आरोळ्या टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होत्या, फार विचित्र वाटलं होतं.

टीव्हीचे आकडे

इथे खरी गुंतागुंत. गर्दी मोजतात, टीव्हीचा प्रेक्षक अंदाजतात. ओझटॅम ही संस्था काही हजार घरांत मीटर बसवते. घरातला प्रत्येक जण टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबतो, पाहुणे आले तर त्यांचीही नोंद करता येते, आणि त्यावरून देशाचा हिशेब मांडला जातो. पबमध्ये शंभर जण डोळे लावून बसलेत, ते या हिशेबात नाहीत.

बातमीत 'इतक्या लाखांनी पाहिलं' असं असतं तेव्हा ते तीनपैकी एक काहीतरी असतं, आणि बातमी लिहिणारा बहुधा कुठलं ते सांगत नाही.

पहिलं, पाच शहरांची सरासरी: सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, अ‍ॅडलेड, पर्थ. ओझटॅमने २००१ पासून हे मोजायला घेतलं आणि पुढची वीसेक वर्षं मथळ्यात हाच आकडा असायचा. दुसरं, देशाची सरासरी, म्हणजे त्यात पाच शहरांबाहेरचा प्रदेशही मिळवलेला. आणि तिसरं, रीच. जानेवारी २०२४ च्या अखेरीस जाहीर आकड्यांची पद्धत बदलली, व्हॉझ नावाची यंत्रणा मुख्य झाली, त्यात अ‍ॅपवरचं पाहणंही धरलं जाऊ लागलं, आणि वाहिन्यांनी मथळ्यात रीच लावायला सुरुवात केली. रीच म्हणजे किमान एक मिनिट पाहिलेला प्रत्येक माणूस. चॅनल बदलताना थबकलेली आजीही त्यात आली. सरासरी म्हणजे सामना चालू असताना कुठल्याही एका मिनिटाला साधारण किती जण बघत होते ते.

फरक केवढा पडतो? २०२४ च्या ग्रँड फायनलचा रीच साठ लाखांच्या वर आणि सरासरी चाळीस लाखांच्या आसपास. आता कोणी २०१६ चा सरासरीचा आकडा, तोही चाळीस लाखांच्या आसपासचाच, २०२४ च्या रीचशेजारी ठेवून 'दीडपट वाढ' म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

सामना एकतर्फी झाला की रीच तसाच राहतो आणि सरासरी घसरते, कारण लोक मधेच उठून बार्बेक्यूकडे जातात. २०२४ ला ब्रिस्बेनने सिडनीला ६० गुणांनी हरवलं, २०२३ ला कॉलिंगवूड चार गुणांनी जिंकलं. अशा दोन वर्षांची तुलना करताना आधी फरक बघा, मग रेटिंग. आणि जुन्या याद्या चाळत असाल तर लक्षात घ्या, की वाहिनी सामना, सामन्याआधीचा कार्यक्रम आणि चषक देण्याचा सोहळा वेगवेगळे कार्यक्रम म्हणून नोंदवायची. सोहळ्याचा आकडा कधीकधी सामन्याच्या वर असतो, कारण तो लहानसा तुकडा नेमका शिगेला पोहोचलेल्या क्षणांनंतरचा असतो. तो उचलून सामन्याचा म्हणून सांगणारेही असतात.

एक जुनं भांडण सोडवून दाखवतो. सर्वात जास्त पाहिलेली ग्रँड फायनल कुठली, २००५ ची की २०२१ ची? २००५ ला चॅनल टेनवर पाच शहरांत सुमारे ३४ लाखांची सरासरी होती. सिडनी स्वान्स वेस्ट कोस्टविरुद्ध चार गुणांनी जिंकले, क्लबचा ७२ वर्षांचा दुष्काळ संपला आणि एरवी फूटीकडे पाठ फिरवणारं सिडनी शहर टीव्हीसमोर बसलं. २०२१ ला देशाची सरासरी ४१ लाखांच्या आसपास. वाचणारा म्हणेल २०२१. पण त्यातली पाच शहरं वेगळी काढली तर ती साधारण तीस लाख. म्हणजे सारख्या मापाने २००५ पुढे, आणि तेही देशाची लोकसंख्या पन्नासेक लाखांनी कमी असताना.

तरी २०२१ चा सामना मला शिकवायला जास्त आवडतो. गर्दी होती ६१,११८, कारण करोनामुळे सामना पर्थला हलवला होता. खेळणारे दोन्ही संघ मेलबर्नचे, मेलबर्न आणि आमचे बुलडॉग्ज, आणि मेलबर्न शहर टाळेबंदीत. कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. पर्थची वेळ दोन तास मागे, त्यामुळे तिथे संध्याकाळी सव्वापाचला सुरू झालेला सामना इथे सव्वासातला, ऐन जेवणाच्या वेळी. नेहमीची फायनल दुपारी अडीचला असते, तेव्हा निम्मे लोक बाहेर असतात. गर्दी नेहमीपेक्षा चाळीस हजारांनी कमी आणि टीव्हीवर विक्रमाच्या जवळपास, दोन्ही एकाच कारणाने. (आम्ही हरलो, त्याबद्दल इथे बोलायचं कारण नाही.)

म्हणून रेटिंगशेजारी सामन्याची वेळ नेहमी लिहा. शुक्रवारी मेलबर्नमध्ये ७:४० ला चेंडू उडतो तेव्हा पर्थला ५:४० झालेले असतात, लोक ट्रेनमध्ये असतात. उलट पर्थमध्ये सहाच्या सुमाराला सुरू झालेला सामना मेलबर्नला साडेदहाच्या पुढे संपतो, आणि शाळेतली पोरं दुसऱ्या क्वार्टरलाच झोपतात. मार्चमध्ये तर उन्हाळी वेळेमुळे फरक तीन तासांचा होतो.

वाहिनीही लिहा. सेव्हनवर फुकट दिसणारा सामना आणि पैसे भरून फॉक्स फूटी किंवा कायोवर बघायचा सामना यांची तुलनाच होत नाही. ग्रँड फायनल सेव्हनवरच असते, कारण महत्त्वाचे खेळ फुकट वाहिन्यांना आधी मिळावेत अशी यादी कायद्याने ठरवलेली आहे. २०२५ पासून सात वर्षांचा ४५० कोटी डॉलर्सचा करार सुरू झाला. त्यात हंगामाच्या सुरुवातीच्या शनिवारचे सामने काही राज्यांतले अपवाद सोडून फॉक्स-कायोकडे गेले, आणि सेव्हनचे सामने पहिल्यांदाच त्यांच्या अ‍ॅपवर थेट दिसू लागले. एका हाताने प्रेक्षक काढले, दुसऱ्या हाताने दिले. २०२४ आणि २०२५ ची सेव्हनची बेरीज सरळ वजा करणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही. कायोचे आकडे बरेचदा कंपनीच्या पत्रकातून येतात, ते मी पेन्सिलने लिहितो.

आता मेहुण्याचं कात्रण. 'सर्वात जास्त पाहिला जाणारा' म्हणताना बहुधा हंगामातल्या प्रत्येक सामन्याचे प्रेक्षक एकमेकांत मिळवलेले असतात. जो माणूस आठवड्याला तीन सामने बघतो तो तीनदा मोजला जातो. पंगतीत माणसं न मोजता उठलेल्या पत्रावळी मोजण्यासारखं आहे ते. चूक नाही, पण त्यावरून गावात घरं किती ते कळत नाही. त्यात स्टेट ऑफ ओरिजिनचे, म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांच्या संघांमधले, तीन सामने धरलेत का, तेही विचारा. त्यांचे प्रेक्षक प्रचंड, आणि ते क्लबचे सामने नाहीत. दुसरीकडे आमची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही: फूटीचा सामना मधल्या सुट्ट्या धरून अडीच तासांच्या पुढे जातो, रग्बी लीगचा खेळ ८० मिनिटांचा. 'एकूण पाहिलेली मिनिटं' असा आकडा एएफएलच्या बाजूने कोणी फेकला तर त्यातला मोठा हिस्सा नुसत्या लांबीचा असतो. सामन्याची सरासरी प्रेक्षकसंख्या बघा, तीही राज्यवार. मेलबर्नमध्ये मुख्य वाहिनीवर असलेला सामना सिडनीत बरेचदा सेव्हनच्या दुय्यम वाहिनीवर, सेव्हनमेटवर, ढकललेला असतो, आणि तिथला आकडा बघून 'सिडनीला फूटी नको' म्हणणं म्हणजे आधी मागच्या खोलीत बसवायचं आणि मग दिसत नाही म्हणायचं.

क्लबांची टीव्ही-लोकप्रियता काढताना आणखी सावध. गुरुवार-शुक्रवारच्या रात्री कोणाला द्यायच्या हे ठरवताना वाहिन्यांचं वजन असतं, आणि त्यांना कॉलिंगवूड, कार्लटन, एसेंडन, रिचमंड हवे असतात. त्यांना उत्तम वेळ मिळते, म्हणून रेटिंग चांगलं येतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उत्तम वेळ मिळते. नॉर्थ मेलबर्नला रविवारची कलती दुपार मिळते. शुक्रवारचा कॉलिंगवूड आणि रविवारचा नॉर्थ एका तक्त्यात घालू नका. एखाद्या छोट्या क्लबला शुक्रवार मिळालाच, तर तो एक सामना दहा रविवारांपेक्षा जास्त सांगतो.

माझ्या वहीत प्रत्येक सामन्यापुढे गर्दी, मैदानाची क्षमता, परराज्याचा पाहुणा आहे की नाही, सुरू होण्याची वेळ, वाहिनी, रेटिंग कुठल्या प्रकारचं आणि शेवटचा गुणफरक, एवढे रकाने आहेत. जुन्या गर्दीसाठी एएफएल टेबल्स ही साईट पुरते. रेटिंग त्याच आठवड्यात उतरवून घ्या. नंतर शोधायला जाल तर त्यावर वाहिनीच्या जाहिरातखात्याचं पॉलिश चढलेलं सापडतं.

एक रकाना मी आत्ताच रिकामा आखून ठेवलाय. २०२८ ला टास्मानिया डेव्हिल्स हा एकोणिसावा क्लब येणं ठरलंय. होबार्टचं नियोजित स्टेडियम २३ हजारांचं, आणि ते होईपर्यंतची मैदानं त्याहून लहान. गोल्ड कोस्ट २०११ ला आणि जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) २०१२ ला आले तेव्हा लीगची सरासरी खाली आली होती. डेव्हिल्सचं प्रत्येक तिकीट खपलं तरी तेच पुन्हा होईल, आणि सिडनीहून कात्रण येईल: 'एएफएलची गर्दी ओसरली'. त्या वर्षीची सरासरी मी दोनदा काढणार आहे, एकदा सगळ्या एकोणीस क्लबांची आणि एकदा टास्मानियातले सामने वगळून.